खाऱ्या वाऱ्याची वाट

मालवणच्या किनाऱ्यावरचा उन्हाळा पाऱ्यावरून कळत नाही. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापते तेव्हा येथे कमाल तापमान साधारण ३३-३४ अंशांच्या आसपास असते. तरी जीव हैराण होतो, कारण हवेतल्या बाष्पामुळे घाम वाळत नाही आणि रात्रही फारशी निवत नाही. विदर्भात घरोघरी चालणारा कूलर म्हणूनच येथे कुचकामी ठरतो. कारंजी आणि पाण्याचे फवारेही शोभेपुरतेच. या हवेत माणसाला आराम देतात ते सावली आणि वारा.

वारा रोज येतो. उन्हाने जमीन समुद्राआधी तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि दुपार होण्याआधीच समुद्राकडून खारे वारे सुटतात. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट दिशेने मतलई वारे वाहतात. खारा वारा अडला की काय होते, ते मुंबईत दिसते. मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा उशिरा पोचतो आणि पारा झपाट्याने चढतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले. गावात वारा अडवण्याचे हेच काम लहान प्रमाणात किनाऱ्यालगतच्या सलग इमारती आणि चिऱ्याची उंच कुंपणे करतात. जुना कमरेएवढा गडगा वारा अडवत नसे.

जुने घरही या हवेला धरून होते. उतरत्या छपराच्या कौलांमधल्या फटींतून माळ्यावरची तापलेली हवा निघून जाई, पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नसे, खळ्यावर मांडवाची सावली असे. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. शहराची रात्र भोवतालच्या गावांहून उबदार असते, हे ल्यूक हॉवर्डने लंडनच्या नोंदींवरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवले होते. तो फरक सुमारे २ अंशांचा होता. गंमत म्हणजे गळती थांबवायला कोकणात स्लॅबवर जी पत्र्याची शेड चढते, ती बाजूंनी उघडी असेल तर स्लॅबला सावली देते. दिसायला ओबडधोबड, पण उपयोगी.

झाडांतही निवड हवी. सुरूची दाट लागवड वाळू धरून ठेवते, पण जमिनीलगतचा वारा अडवते. माडाचे खोड शेंड्यापर्यंत मोकळे, त्यामुळे वर विरळ सावली आणि खालून वारा. रस्त्याकडेला गर्द सावलीसाठी उंडी किंवा वड लावावा, मात्र खालच्या फांद्या छाटून.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर बंधने घातली. पण वाऱ्याला वाट देणारी दोन इमारतींमधली मोकळी जागा ठरते ती बांधकाम परवान्यातल्या सामासिक अंतरांनी. ती ठरवताना रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची पाहतात; वाऱ्याची दिशा हा निकष नसतो. मालवण, वेंगुर्ल्यासारख्या गावांत तो आणायचा, तर सुरुवात पश्चिमेच्या पहिल्या ओळीपासून करावी लागेल. तेथे अंतर सुटले तरच मागच्या आळ्यांपर्यंत वारा पोचतो.