पाऊस ओसरला, आता घराच्या वाटा बुजवा

जोराचा पाऊस होऊन गेला की दोन-तीन दिवसांत घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. कुणाच्या मोरीत विंचू निघतो, कुणाच्या कोठीत उंदीर शिरतो, कुणाच्या चुलीमागे साप दिसतो. मग काठी, फवारा, विषारी गोळी यांची धावपळ सुरू होते. पण हे जीव घरात का येतात, हे समजले तर त्यांना बाहेर ठेवणे सोपे जाते.

करमाड-शेंद्रा परिसरात काळी जमीन बरीच आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. त्या भेगांत आणि बिळांत उंदीर, विंचू, साप राहतात. पाऊस लागला की माती फुगते, भेगा मिटतात, बिळात पाणी भरते. मग उंच आणि कोरडी जागा शोधत ते बांधावर येतात, कडब्याच्या गंजीत येतात आणि आपल्या घरातही येतात. त्यांना चार गोष्टी लागतात : अन्न, ओल, आडोसा आणि आत येण्याची वाट. या चार गोष्टी तोडल्या की बरेच काम होते.

उंदीर : आधी धान्य झाका

आपल्या मराठवाड्याने याची किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावचे लोक भीतीने जुनी घरे सोडून बाहेर राहू लागले. धान्य जुन्या घरांतच राहिले. त्यावर उंदीर पोसले गेले. १९९४ च्या पावसाळ्यात गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि ऑगस्टमध्ये प्लेगचे रुग्ण आढळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पूर येऊन गेलेल्या सुरतेतही प्लेगची साथ आली. ज्या रोगाच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, तोच हा रोग. आज त्यावर औषधे आहेत. तरीही धडा तोच आहे. उघडे धान्य आणि बंद घर म्हणजे उंदरांना आमंत्रण. वस्तीत एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर हात न लावता आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. म्हणून मोरीच्या भोकाला जाळी लावा. दाराखालची फट पत्र्याच्या किंवा रबराच्या पट्टीने बंद करा. पत्रा आणि भिंत यांमधली जागा विटांचे तुकडे व सिमेंट घालून बुजवा. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, खरकटे रात्री उघडे ठेवू नका. साचलेल्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळलेले असते. त्यातून लेप्टोचा आजार होतो. पायाला जखम असेल तर अशा पाण्यात अनवाणी उतरू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या राहत्या खोलीत कधीही ठेवू नका. ओल लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेले अख्खे कुटुंब त्याने दगावू शकते. शेतातले फवारणीचे औषधही घरात मारायचे नाही.

साप आणि विंचू

मण्यार रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो तेव्हा फारसे दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, अपचन झाले. म्हणून पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. सरपण, गोवऱ्या, विटांचा ढीग भिंतीला लागून ठेवू नका. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या, सकाळी बूट-चप्पल झटकून घाला. फिनाईल शिंपडून साप येत नाही, या समजावर विसंबू नका.

दंश झालाच तर माणसाला धीर द्या. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा. घट्ट दोरी बांधणे, कापणे, चोखणे टाळा. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास जीव घेतो. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने आरोग्य केंद्र गाठा. गंभीर रुग्णासाठी शहरात घाटी रुग्णालय आहे. सापाच्या विषावर प्रतिविष हाच उपाय.

लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलांत, तर थांबू नका. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून जीव वाचवता येतो, हे महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. ते मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डास : आठवड्याचा एक दिवस

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ड्रम आणि रांजण भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून आतून घासा. नुसते ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की जगतात. कूलर, जुने टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे विसरू नका. रिकामे करता येत नाही त्या ड्रमच्या तोंडाला फडके घट्ट बांधा. मोठ्या टाकीसाठी गप्पी मासे आरोग्य केंद्राकडे मागा.

हे काम एका घराने केले तर अर्धेच होते. शेजारच्या टायरमधला डास आपल्याच लेकराला चावतो. शेजारचा उकिरडा आपल्या घरी उंदीर पाठवतो. रविवारी वंदनेला विहारात जमतोच. त्यानंतर एक तास महिला मंडळाने आणि तरुणांनी मिळून वस्तीतून फेरी मारावी. तुंबलेली नाली, उघडी टाकी, कचऱ्याचा ढीग यांची यादी करावी आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच जरूर घ्यावी. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगार कुटुंबांनाही सोबत घ्यावे. पत्र्याची फट बुजवणे हे घरमालकाचे काम आहे, आणि दहा भाडेकरूंनी मिळून सांगितले तर तो ऐकतो.