केळीला बी का नसते? गुणसूत्रांच्या वाटणीत दडले आहे खान्देशच्या पिकाचे रहस्य

जळगाव - रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून किंवा धुळे जिल्ह्यातील शिरपूर परिसरातून प्रवास करताना रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा दिसतात. मृगबाग असो वा कांदेबाग, शेतकरी लागवड करतो ती कंदाची किंवा टिश्यू कल्चर रोपांची. केळीचे बी पेरल्याचे कोणी ऐकले आहे काय? केळ कापल्यावर मध्यभागी दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे बी होऊ न शकलेली बीजांडे होत. ती तशीच का राहिली, याचे उत्तर पेशी विभाजनाच्या एका विलक्षण शिस्तबद्ध प्रक्रियेत सापडते.

वाटणीची शिस्त

केळीचे नवे पान फुटते किंवा कंदाला मुनवे येतात, तेव्हा एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत असतात. प्रत्येक नव्या पेशीला आनुवंशिक माहितीचा पूर्ण संच मिळणे आवश्यक असते. ही माहिती गुणसूत्रांत साठवलेली असते. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते आणि मूळ व प्रत एकमेकांना चिकटून राहतात. त्यांना जखडून ठेवणारे एक प्रथिन असते.

त्यानंतर पेशीच्या दोन टोकांकडून बारीक तंतू निघतात. शालेय पुस्तकांत त्यांना तुर्कतंतू म्हटले आहे. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून बनलेले हे तंतू सतत वाढतात, आखडतात आणि जणू चाचपडत गुणसूत्रांचा शोध घेतात. गुणसूत्राच्या आवळलेल्या भागावर, म्हणजे गुणसूत्रबिंदूवर, प्रथिनांची एक पकड असते. तंतू तेथे जोडला जातो. जोडीतील एकाला एका टोकाचा तंतू आणि दुसऱ्याला विरुद्ध टोकाचा तंतू मिळाला, तरच जोडणी योग्य ठरते. दोन्ही बाजूंनी ओढ बसल्याने ताण निर्माण होतो व जोडणी पक्की होते. दोन्ही तंतू एकाच टोकाचे असतील तर ताण येत नाही. अशी चुकीची जोडणी सुटते व पुन्हा प्रयत्न होतो.

एक जरी गुणसूत्र जोडायचे राहिले, तरी त्याच्याकडून ‘थांबा’ असा रासायनिक संदेश जात राहतो. सर्व जोड्या लागल्या की हा संदेश बंद होतो, जखडणारे प्रथिन कापले जाते आणि दोन्ही प्रती विरुद्ध टोकांकडे ओढल्या जातात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये या विभाजनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते.

तेहतीसचा पेच

रानटी केळीच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात, म्हणजे ११ प्रकारांची प्रत्येकी दोन. तिच्या फळात टणक काळ्या बिया भरलेल्या असतात. खान्देशात लावल्या जाणाऱ्या बसराई व ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातील वाणांत मात्र ३३ गुणसूत्रे आहेत, म्हणजे प्रत्येक प्रकाराची तीन.

झाडाच्या साध्या वाढीत तीन या संख्येने काही बिघडत नाही. प्रत्येक गुणसूत्र स्वतःच्या प्रतीपासून विलग होते, त्याला इतर जोडीदार लागत नाही. परागकण व बीजांड तयार होताना मात्र अर्धगुणसूत्री विभाजन होते. तेथे एकाच प्रकारच्या दोन गुणसूत्रांनी आधी जोडी जमवावी आणि मग विरुद्ध टोकांना जावे, असा नियम आहे. तिघांत समान वाटणी होणार कशी? दोन एका बाजूला गेले तर एक दुसऱ्या बाजूला, तेही प्रत्येक प्रकारात स्वतंत्रपणे. नुसते गणित मांडले, तर पूर्ण ११ किंवा पूर्ण २२ गुणसूत्रे असलेली प्रजननपेशी मिळण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक इतकीच येते. बाकीच्यांत कमी-अधिक गुणसूत्रे राहतात व त्या बहुधा निकामी ठरतात. परागीभवनाविनाच गर वाढण्याचा गुणही या केळीत असल्याने फळ मात्र भरते.

अशा वाटणीतील चूक माणसातही घडते. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आल्याने डाऊन सिंड्रोम होतो, हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध याच तुर्कतंतूंची बांधणी रोखते आणि कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबवते.

बिनबियांची किंमत

बी नाही म्हणून केळ खाण्यास सोयीचे, पण त्याचीच किंमतही मोजावी लागते. कंदापासून वा टिश्यू कल्चरने वाढलेली रोपे मातृवृक्षाची जवळपास हुबेहूब नक्कल असतात. एकाला जो रोग मारतो, तो शेजारच्या सर्वांनाच मारू शकतो. पूर्वी जागतिक बाजारावर राज्य करणारे ग्रॉस मिशेल हे वाण विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा मर रोगाने व्यापारातून हद्दपार झाले. त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता त्याच रोगाचा ‘टीआर ४’ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही ग्रासतो. भारतात तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे.

अन्य पिकांत दोन वाणांचा संकर करून रोगप्रतिकारक वाण काढता येते. येथे बीच दुर्मीळ असल्याने पैदासकाराचे हात बांधले जातात. ऑस्ट्रेलियात रानटी केळीतील जनुक घालून तयार केलेल्या कॅव्हेंडिशला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ती याच अडचणीतून काढलेली वाट होय. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा लौकिक टिकवायचा तर रोगमुक्त, तपासलेली रोपेच लावणे, बाधित भागातून कंद न आणणे आणि शेतात येणाऱ्या अवजारांची व मातीची स्वच्छता पाळणे याला तूर्त पर्याय नाही. जे पीक आपले बी तयार करू शकत नाही, त्याची काळजी त्याला लावणाऱ्यालाच घ्यावी लागते.