निधी ‘खर्च’ झाला म्हणजे नेमके काय झाले?

सोलापूर : मंदीचे सावट आले की केंद्र सरकार राज्यांसाठी तिजोरी सैल करते. पॅकेजचे आकडे ठळक मथळ्यांत झळकतात. त्यांचा हिशेब मात्र क्वचितच करदात्यापर्यंत पोहोचतो.

२ जानेवारी २००९ रोजी जाहीर झालेल्या दुसऱ्या पॅकेजमध्ये राज्यांना भांडवली कामांसाठी सकल उत्पन्नाच्या अर्धा टक्का जादा कर्ज उभारण्याची मुभा मिळाली. देशभराची ही रक्कम सुमारे ३० हजार कोटी रुपये होती. कर्ज राज्याच्या एकत्रित निधीत जमा झाले आणि तेथेच त्याची ओळख पुसली गेली. कोणता रस्ता पॅकेजमधून झाला आणि कोणता नेहमीच्या तरतुदीतून, हे सांगणे अशक्य झाले. त्याच वर्षी अमेरिकेने ७८७ अब्ज डॉलरचे पॅकेज दिले, तेव्हा निधी घेणाऱ्या राज्यांना व संस्थांना दर तिमाहीस हिशेब देणे बंधनकारक होते आणि तो संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होता.

कोरोनाकाळात केंद्राने धडा घेतल्याचे दिसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यांसाठी १२ हजार कोटींचे, ५० वर्षे मुदतीचे बिनव्याजी कर्ज जाहीर केले. २०२४-२५ मध्ये या योजनेची तरतूद दीड लाख कोटींवर गेली. येथे राज्याने कामांची यादी पाठवायची, केंद्राच्या व्यय विभागाने ती मंजूर करायची आणि पहिला हप्ता वापरल्यावरच दुसरा मिळायचा, अशी रचना आहे. पुढे आलेल्या अटींनुसार दहा कामकाजाच्या दिवसांत पैसे अंमलबजावणी यंत्रणेकडे न दिल्यास राज्याला व्याज मोजावे लागते.

खरी मेख ‘खर्च’ या शब्दात आहे. मंत्रालयातून यंत्रणेच्या खात्यात रक्कम वळती झाली की राज्याच्या वहीत ती खर्ची पडते. मार्चअखेरीस उडणाऱ्या धावपळीचे कारण हेच. काम झाल्याची ग्वाही उपयोगिता प्रमाणपत्राने द्यायची असते आणि अशी प्रमाणपत्रे प्रलंबित असल्याचा शेरा ‘कॅग’ आपल्या अहवालांत वर्षानुवर्षे मारीत आले आहे.

सोलापूरकरांना याचा अनुभव आहे, मात्र तो स्मार्ट सिटी योजनेतील. ती मंदीचे पॅकेज नव्हती, पण पैशाची वाट तीच. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर निवडले गेले. केंद्राचे ५०० कोटी आणि राज्य व महापालिका यांचा तेवढाच वाटा सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीमार्फत खर्चायचा होता. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीसाठी एनटीपीसीनेही २५० कोटींची जबाबदारी घेतली. निविदेचा फेरा पुन्हा झाला, वर्षे गेली. दिल्लीच्या तक्त्यात निधी ‘वितरित’ होता आणि शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या! ही योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली.

केंद्रपुरस्कृत योजनांसाठी १ जुलै २०२१ पासून प्रत्येक योजनेला राज्यात एकच खाते ठेवण्याची पद्धत आली. त्यातील शिल्लक केंद्राला ‘पीएफएमएस’ प्रणालीवर दिसते. निधी पाव-पाव हिश्श्याने सोडला जातो आणि आधीच्या रकमेपैकी ७५ टक्के वापरल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. त्यामुळे पैसा पडून राहण्यास काहीसा आळा बसला. कामाचा दर्जा मात्र कोणत्याही खात्यात उमटत नाही.

राज्याच्या ‘बीम्स’ संकेतस्थळावर तरतूद, वितरण आणि खर्च हे तिन्ही आकडे कोणालाही पाहता येतात. प्रत्यक्ष काम किती झाले, हे मात्र अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेत असते. तिची प्रत माहिती अधिकाराखाली, दहा रुपयांचे शुल्क भरून, महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे मागता येते.