न्यूयॉर्कचा पाउंड, रुईची खंडी अन् बीडचा क्विंटल. कापसाच्या भावाचा हिशेब असा मांडा

बीड : ‘न्यूयॉर्कला कापूस ७० सेंट’, ‘रुई खंडीला ५३,४०० रुपये’ असे मेसेज हंगामात मोबाइलवर येत राहतात. गेवराई, माजलगाव, धारूरच्या शेतकऱ्याला भाव मिळतो तो मात्र क्विंटलने. मापे तीन आहेत आणि मालही एक नाही. न्यूयॉर्कचा आणि खंडीचा भाव रुईचा असतो, तर शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस. यात गल्लत झाली की माल विकायचा की ठेवायचा, हा निर्णयच चुकू शकतो.

पाउंड म्हणजे किती?

१ पाउंड म्हणजे ०.४५३६ किलो. १ किलोत २.२०४६ पाउंड बसतात. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव पाउंडाला सेंटमध्ये सांगतात. १०० सेंट म्हणजे १ डॉलर.

खंडी ३५६ किलोची का?

देशात १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली, पण रुईच्या व्यापारात खंडी टिकून राहिली. ही खंडी ७८४ पाउंडांची, म्हणजे ३५५.६२ किलोची. व्यवहारात ती ३५६ किलो धरतात. धान्याची २० मणांची खंडी वेगळी.

हिशेब कसा करायचा?

(डॉलर ८५ रुपये, सरकी ३५ रुपये किलो आणि रुईचा उतारा ३४ टक्के, हे आकडे उदाहरणादाखल.)

• न्यूयॉर्कचा भाव : ०.७० डॉलर × २.२०४६ × ८५ = सुमारे १३१ रुपये किलो रुई.
• खंडीचा भाव : ५३,४०० ÷ ३५६ = १५० रुपये किलो रुई.
• एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई : ३४ × १५० = ५,१०० रुपये.
• सरकी सुमारे ६४ किलो : ६४ × ३५ = २,२४० रुपये. उरलेली दोन किलो घट.
• एकूण ७,३४० रुपये.

यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा होतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती याहून कमीच पडतात.

मग काय पाहायचे?

आलेला आकडा हमीभावाशी ताडून पाहा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव आहे. सीसीआयच्या केंद्रावर पूर्ण भावासाठी ओलावा ८ टक्क्यांपर्यंत हवा. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते. वरच्या उदाहरणातला भाव हमीभावाच्या खाली आहे. अशा वेळी खेडा खरेदीत घाई करण्यापेक्षा कापूस वाळवून केंद्रावर नेणे फायद्याचे.

गाठींचे आकडेही जपून वाचा

भारतीय गाठ १७० किलोची, तर अमेरिकी अहवालातील गाठ ४८० पाउंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची. त्यामुळे दोन्हीकडचे उत्पादनाचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.