उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

गाडी नीट बंद करून ठेवली, तरी तीन-चार दिवसांनी स्टार्टर फिरत नाही. अशा वेळी लगेच नवी बॅटरी घेऊ नका. दोष बॅटरीत आहे की गाडीच्या विद्युत परिपथात, हे आधी ठरवा.

बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि तिच्या ऋण अग्राची तार सोडवून ठेवा. काही तासांनी विभवांतर सुमारे 12.6 व्होल्ट असावे. दुसऱ्या दिवशी ते बरेच घटले, तर बॅटरीच खराब आहे. ते टिकले, तर गाडीतील एखादा परिपथ छुपी धारा खेचत आहे.

ही धारा मोजण्यासाठी इग्निशन बंद ठेवा. मल्टिमीटर 10 अँपिअर श्रेणीवर ठेवून ऋण अग्र आणि सुटी तार यांच्यामध्ये एकसर जोडा. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नका. मीटरचा फ्यूज उडेल. दारे लावून अर्धा-पाऊण तास थांबा. गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हळूहळू निद्रावस्थेत जातात, म्हणून सुरुवातीचे वाचन फसवे असते.

घड्याळ, अलार्म यांसाठी साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत धारा चालते. समजा, वाचन 0.5 अँपिअर आले. दिवसाला 0.5 × 24 = 12 अँपिअर-तास खर्च होतील; 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांतच रिकामी!

आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजने वाचन एकदम घसरते, त्याच्याच परिपथात दोष शोधा: डिकीचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले किंवा नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम. कोणत्याही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड तपासा. त्याची जाड तार बहुधा या फ्यूजपेटीतून जात नाही.