डाव्या पुडीचा घिस्सा

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. संपादकांना या गावातला दुसरा ताल हवा होता. आसपासच्या आगरी-कोळी गावांत हळदीला जो वाजतो, तो आता लॅपटॉपवर कसा घडतो, हे बघायला निजामपुऱ्यातल्या एका छोट्या खोलीत जाऊन बसलो. हळदीच्या गाण्यांचे ट्रॅक बनवणारा तिथला तरुण एफएल स्टुडिओत ढोलकीचा एकच ठोका पुन्हापुन्हा ऐकत होता.

यंत्राने ठेका धरल्याला बरीच वर्षं झाली. १९८० साली रोलंडचं टीआर-८०८ हे तालयंत्र आलं. त्यातली थाप विजेच्या मंडलातूनच उपजायची. त्याच वर्षी रॉजर लिन यांच्या एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमचे नमुने भरलेले होते. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजितसिंग यांनी ८०८ च्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा त्या रागांची तबकडी फारशी कुणी विकत घेतली नाही, पुढे मात्र जगभर गाजली. १९८५ चं ऑक्टापॅड म्हणजे आवाज नसलेले नुसते आठ पॅड, पण ऑर्केस्ट्रा आणि बँजोवाल्यांनी ते वाद्य असं आपलंसं केलं की पॅडवाला हा मंडळातला हक्काचा माणूस झाला.

ढोलकीची उजवी पुडी त्या तरुणाला जमली होती आणि त्यामागे सी. व्ही. रामन उभे आहेत. साध्या कातड्यावर थाप मारली की १, १.५९, २.१४, २.३० अशा बेसूर प्रमाणात उपस्वर निघतात. तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई हेच उपस्वर १, २, ३, ४, ५ अशा सुरेल रांगेत आणते, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. ढोलकीच्या उजव्या पुडीवरही अशीच शाई असते, त्यामुळे पाच स्वरलहरी घ्यायच्या, प्रत्येकीला विरण्याचा वेगळा वेळ द्यायचा आणि सुरुवातीला बोटाच्या आघाताची किंचित खरखर मिसळायची. कान तो आवाज 'ना' हा बोल म्हणून मान्य करतो.

अडलं होतं ते डाव्या पुडीवर. तिला मसाला आतून लावलेला असतो आणि तिचा सगळा प्राण तळहातात. थाप पडल्यावर मनगट कातडं दाबतं, सरकवतं, सोडतं, म्हणून 'घुम्म' वर चढतो, खाली येतो. हाच घिस्सा. त्या तरुणाने माऊसने स्वराचा चढ-उतार रेखला. एकदा ऐकलं तर अंगावर काटा आला, पण तोच ठोका ओळीने दहा वेळा आल्यावर ढोलकी मेली. मग त्याने प्रत्येक ठोक्याचा जोर बदलला, जागा थोडी पुढे-मागे केली, तीन-चार वेगळे नमुने आळीपाळीने लावले. तरी काहीतरी कमी होतंच.

कारण दाबाने फक्त स्वर चढत नाही, उपस्वर आणि विरण्याचा वेळही बदलतो. या सगळ्यासाठी कातड्याचंच गणिती प्रतिरूप चालवावं लागतं. १९८३ मध्ये कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी तारेसाठी सोपी रीत काढली, तीच थोडी फिरवली की ढोलासारखा आवाज येतो. १९९३ मध्ये व्हॅन ड्युइन आणि स्मिथ यांनी पूर्ण पडद्याची जाळी मांडली. ती चालवायची तर सेकंदाला ४४,१०० वेळा साऱ्या पडद्याचा हिशेब करावा लागतो. आजच्या लॅपटॉपला तेही झेपेल. पण त्या जाळीला सांगायचं काय? साध्या पॅडला इतकंच कळतं की ठोका केव्हा आणि किती जोरात पडला. नंतर कातड्यावर रेंगाळलेल्या हाताची त्याला खबर नसते.

मला काळजी वाटते ती इथेच. लॅपटॉपच्या पडद्यावरचा ठोका हा एक ठिपका असतो. घिस्सा ठिपक्यांच्या मधल्या जागेत जगतो. शिवाय नाचणाऱ्या बाईची गिरकी किती लांबली, हे बघून ढोलकीवाला तो ऐन वेळी वाढवतो. ट्रॅकमधला घिस्सा आधीच ठरलेला असतो. तयार नमुन्यांवर भागवलेल्या ट्रॅकमधून तर तो बहुधा गायबच होतो, आणि हळदीला वाढणारी पोरं त्याच ढोलकीवर नाचायला शिकतात.

शेवटी त्या तरुणाने सुटे ठोके टाकून दिले आणि ओळखीच्या ढोलकीवाल्याला बसवून सलग आवर्तनं टिपली, एक माईक डाव्या पुडीच्या अगदी जवळ ठेवून. आता अडचण लयीची आहे. गाणं जलद झालं की टिपलेलं आवर्तन आखडावं लागतं, आणि आखडलं की घिस्सा चिरका होतो. म्हणून तो प्रत्येक लयीत वेगळं टिपून घेतोय. मध्यलय झाली आहे, जलद राहिली आहे, आणि जलद लयीत डावा हात इतका थोडका वेळ टेकतो की माईकला तो वेगळा धरता येत नाही.