पिकअपचं ब्रेक ऑइल कधी बदलायचं? नुसत्या रंगावर जाऊ नका

टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप कसारा घाट उतरतेय आणि ब्रेकचं पेडल अचानक मऊ लागतं. पॅड नवे, ऑइलची पातळीही बरोबर. मग बिघडलं काय?

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, अगदी गाडी उभी असतानाही. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. भरल्या गाडीला उतारावर सतत ब्रेक लावले की ऑइल तापून उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. पेडलचा दाब चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यातच जातो. पायथ्याशी गाडी थंड झाली की पेडल पुन्हा कडक होतं, म्हणूनच चालक ही गोष्ट विसरतात.

काळपट ऑइल बदलाच. पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. गॅरेजमध्ये टेस्टरने तपासून घ्या. ३ टक्क्यांच्या आसपास ओलावा दिसला तर थांबू नका. तपासणी होत नसेल तर साधारण दोन वर्षांनी बदला. मॅन्युअलमध्ये मुदत कमी असेल तर तीच पाळा.

पातळी खाली गेली तर नुसतं टॉप-अप करू नका. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. आणि हो, सीटखाली वर्षभर पडलेली अर्धी बाटली वापरू नका. तिनेही तोवर ओलावा ओढलेला असतो.